जवळजवळच्या अँटेनांमधील परस्पर युग्मन आणि मेटामटेरियलचे कुंपण

बहरीनचे क्षेत्रफळ ८०० चौरस किलोमीटरहून कमी आणि लोकसंख्या सुमारे १५ लाख. एवढ्याशा भूमीवर बटेल्को, झेन आणि एसटीसी या तीन कंपन्यांची मोबाइल जाळी काम करतात. २०१९ साली येथे ५जी सेवा सुरू झाली आणि मनामा, जुफेर, सीफ या दाट वस्तीच्या भागांत गच्च्यांवर व मनोऱ्यांवर पांढुरके, चपटे पॅनेल दिसू लागले. रस्त्यावरून पाहणाऱ्याला ती एक साधी पेटी वाटते. प्रत्यक्षात तिच्या आत अनेकदा दीडशे-दोनशे लहान अँटेना रांगांनी बसवलेले असतात आणि आडव्या दिशेने दोन शेजाऱ्यांमधले अंतर जेमतेम चार-साडेचार सेंटिमीटर असते.

इतक्या जवळ बसलेले अँटेना एकमेकांच्या कामात ढवळाढवळ करतात. एकाने हवेत सोडलेल्या ऊर्जेचा काही भाग दूरच्या ग्राहकाकडे न जाता शेजारच्या अँटेनात शिरतो. अभियंते याला ‘म्युच्युअल कपलिंग’ म्हणतात. मराठीत ‘परस्पर युग्मन’ हा शब्द रूढ आहे. लायसन्ससाठी मोठी रक्कम मोजून मिळवलेल्या वर्णपटाचा किती उपयोग होतो, फोनची बॅटरी किती टिकते आणि गर्दीच्या ठिकाणी व्हिडिओ अडखळतो की नाही, या तिन्ही गोष्टींशी या युग्मनाचा थेट संबंध आहे. ते कमी करण्याच्या उपायांपैकी मेटामटेरियल रचनांवर गेल्या दोन दशकांत सर्वाधिक लिहिले गेले. त्या उपायाचे तत्त्व, त्याची कुवत आणि त्याच्या मर्यादा यांचा हा आढावा.

युग्मन म्हणजे नेमके काय

अँटेनातून प्रवाह वाहू लागला की त्याच्याभोवती विद्युत् व चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. त्या क्षेत्राच्या टप्प्यात दुसरा धातूचा वाहक असेल तर त्यातही प्रवाह प्रवर्तित होतो. तो प्रवाह पुन्हा स्वतःचे क्षेत्र निर्माण करतो आणि ते पहिल्या अँटेनावर उलटून परिणाम करते. म्हणून शेजारी असताना कोणताही अँटेना एकट्यासारखा वागत नाही.

याचे गणित जुने आहे. पी. एस. कार्टर यांनी १९३२ साली शेजारी अँटेनांच्या परस्पर संरोधाचे विवेचन प्रसिद्ध केले. अर्ध्या तरंगलांबीचा एकटा द्विध्रुव अँटेना सुमारे ७३ ओहमचा रोध दाखवतो. तसाच दुसरा अँटेना अर्ध्या तरंगलांबीच्या अंतरावर त्याला समांतर उभा केला, तर दोहोंमधील परस्पर संरोधाचा रोधभाग उणे १२.५ ओहम आणि प्रतिक्रियाभाग उणे ३० ओहमच्या आसपास भरतो. दोघांना एकाच वेळी, एकाच कलेत सारखा प्रवाह दिल्यास प्रत्येकाचा रोध ७३ वरून साधारण ६०.५ ओहमवर येतो. कला बदलली की हा आकडाही बदलतो. आजचे पॅनेल ग्राहकाच्या दिशेने शलाका वळवण्यासाठी क्षणाक्षणाला कला बदलत असल्यामुळे अँटेनाची जुळणीही क्षणाक्षणाला ढळत राहते.

युग्मन डेसिबलमध्ये मोजतात. उणे १० डेसिबल म्हणजे दिलेल्या शक्तीचा दहावा हिस्सा शेजाऱ्याकडे गेला. उणे २० म्हणजे शंभरावा आणि उणे ३० म्हणजे हजारावा. हिशेब करून पाहू. रांगेतील एखाद्या अँटेनाला डावा व उजवा असे दोन शेजारी आहेत आणि प्रत्येकाशी युग्मन उणे १० डेसिबल आहे, असे मानले तर वीस टक्के शक्ती त्या दोघांत जिरते. म्हणजे जवळपास एक डेसिबलचा तोटा. युग्मन उणे २० वर आणले तर हाच तोटा दोन टक्क्यांवर येतो.

शक्तीचा अपव्यय हा केवळ पहिला परिणाम. शेजाऱ्याकडून परत येणारा संकेत प्रेषक वर्धकाच्या तोंडात शिरतो आणि त्याच्या अरेषीय वर्तनामुळे नको असलेल्या वारंवारता उत्पन्न होतात. प्रारणाचा आकार बिघडतो, शलाका हव्या त्या दिशेपासून सरकते. ग्रहण करताना दोन अँटेनांना मिळणारे संकेत एकमेकांसारखे होऊ लागतात, आणि मग दोन अँटेना बसवण्याचे मूळ प्रयोजनच क्षीण होते.

शेजार उपयोगी पडतो तेव्हा

युग्मन हा नेहमीच दोष असतो असे मात्र नाही. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाल्यानंतर दादर-गिरगावच्या चाळींच्या छपरांवर माशाच्या काट्यासारखे जे अँटेना उगवले, ते यागी-उडा जातीचे. जपानमध्ये १९२६ च्या सुमारास सिद्ध झालेल्या या रचनेत तार केवळ एका दांडीला जोडलेली असते. बाकीच्या दांड्या निव्वळ परस्पर युग्मनावर चालतात आणि संकेत एका दिशेने एकवटतात.

आयआयटी मुंबईचे प्रा. गिरीश कुमार यांनी प्रा. के. सी. गुप्ता यांच्यासह १९८४ साली असेच तत्त्व सपाट अँटेनांना लावले. मुख्य पट्टीशेजारी थोडी फट ठेवून आणखी पट्ट्या बसवल्या तर युग्मनामुळे अँटेनाचा वारंवारता-पल्ला रुंदावतो, हे त्यांनी दाखवले. पुढे मुंबईच्याच ‘समीर’ या सरकारी संशोधन संस्थेतील के. पी. रे यांच्यासह त्यांनी लिहिलेला रुंदपट्टी मायक्रोस्ट्रिप अँटेनांवरील ग्रंथ २००३ साली प्रसिद्ध झाला. अभियंत्याने मागितलेले युग्मन आणि न मागता पदरात पडलेले युग्मन यांतला फरक या कामातून नीट ध्यानात येतो. पुढील विवेचन दुसऱ्या प्रकाराविषयी आहे.

मायमो आणि पुण्याचा धागा

एकाच पेटीत इतके अँटेना कोंबण्याची गरज निर्माण झाली ती ‘मायमो’ तंत्रामुळे. प्रेषकाकडे अनेक आणि ग्राहकाकडे अनेक अँटेना ठेवले, तर एकाच वारंवारतेवर, एकाच वेळी वेगवेगळे संदेश-प्रवाह पाठवता येतात. या कल्पनेच्या आरंभीच्या, १९९४ साली मंजूर झालेल्या अमेरिकी पेटंटवर आरोग्यस्वामी पॉलराज आणि थॉमस कैलथ ही दोन नावे आहेत, आणि दोघांचाही महाराष्ट्राशी संबंध आहे. कैलथ यांचा जन्म १९३५ साली पुण्यात एका मल्याळी कुटुंबात झाला. सेंट व्हिन्सेंट शाळेतून ते पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात गेले आणि १९५६ साली दूरसंचार शाखेची पदवी घेऊन अमेरिकेला रवाना झाले. पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात त्यांनी कारकीर्द घडवली. पॉलराज हे मूळचे तमिळनाडूचे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून ते भारतीय नौदलात दाखल झाले आणि निवृत्तीनंतर स्टॅनफर्डला पोहोचले. मायमोवरील कार्यासाठी त्यांना २०१४ चा मार्कोनी पुरस्कार मिळाला. १९९६ साली बेल प्रयोगशाळेच्या जेरार्ड फॉशिनी यांनी या तंत्राची प्रत्यक्ष मांडणी केली, तर २०१० मध्ये थॉमस मार्झेटा यांनी मनोऱ्यावर शेकडो अँटेना बसवण्याच्या ‘मॅसिव्ह मायमो’ची सैद्धांतिक बैठक घातली.

मायमोचा सारा डोलारा एका अटीवर उभा आहे: प्रत्येक अँटेनाला येणारा संकेत दुसऱ्याहून पुरेसा निराळा हवा. चहूबाजूंनी परावर्तने येत असतील तर साधारण ०.३८ तरंगलांबीच्या अंतरावर दोन अँटेनांमधील सहसंबंध सिद्धांततः शून्यावर येतो. व्यवहारात अर्धी तरंगलांबी ही मोजपट्टी धरतात. ३.५ गिगाहर्ट्झला तरंगलांबी ८.६ सेंटिमीटर असते, म्हणून पॅनेलमधील अंतर ४.३ सेंटिमीटर. फोनची अडचण याहून मोठी. ७०० मेगाहर्ट्झला तरंगलांबी ४३ सेंटिमीटर भरते आणि तिची अर्धी लांबी संपूर्ण फोनपेक्षाही अधिक होते. तरीही त्याच फोनमध्ये मोबाइल जाळ्याचे अनेक अँटेना, वायफाय, ब्लूटूथ आणि जीपीएस नांदवावे लागतात. अंतर वाढवण्याची सोय नसेल, तर मध्ये कुंपण घालणे एवढाच मार्ग उरतो.

ऊर्जा कोणकोणत्या वाटांनी जाते

कुंपण कोठे घालायचे, हे ठरवण्यासाठी ऊर्जा कोणत्या वाटेने पळते ते पाहावे लागते. वाटा मुख्यतः चार आहेत. पहिली हवेतून सरळ जाणाऱ्या तरंगांची. दुसरी अगदी निकटच्या क्षेत्राची. यात तरंग दूर जाण्याआधीच क्षेत्रे एकमेकांत गुंततात. तिसरी दोन्ही अँटेनांना सामाईक असलेल्या धातूच्या तळपत्र्यातून, म्हणजे ग्राउंड प्लेनमधून वाहणाऱ्या प्रवाहांची. फोनमध्ये, विशेषतः कमी वारंवारतांना, ही तिसरी वाट फार प्रबळ असते. कारण तेथे संपूर्ण पत्राच अँटेनासारखा वागतो.

चौथी वाट पृष्ठतरंगांची. छापील अँटेना ज्या परावैद्युत थरावर बसवलेला असतो, त्या थरात काही तरंग अडकतात आणि पृष्ठालगत सरपटत शेजाऱ्यापर्यंत पोहोचतात. थर जितका जाड आणि त्याचा परावैद्युतांक जितका मोठा, तितका हा उपद्रव अधिक. अँटेना आकाराने लहान करण्यासाठी मोठ्या परावैद्युतांकाचाच थर लागतो, हा यातला पेच.

एका वाटेवरचे कुंपण दुसऱ्या वाटेवर उपयोगी पडेलच असे नाही. पृष्ठतरंग अडवण्यासाठी केलेली रचना पातळ थरावर बसवली तर ती काहीच साधत नाही, कारण तेथे पृष्ठतरंग मुळातच नगण्य असतात.

मेटामटेरियल: आकारातून आलेला गुणधर्म

नैसर्गिक पदार्थाचे विद्युत् व चुंबकीय गुणधर्म त्याच्या अणु-रेणूंवर अवलंबून असतात. मेटामटेरियलमध्ये ती भूमिका धातूच्या लहान आकृत्या बजावतात. त्यांचा आकार तरंगलांबीच्या साधारण दहाव्या भागाएवढा किंवा त्याहून लहान असतो. त्यामुळे तरंगाला सुटी आकृती जाणवत नाही, सलग पदार्थ जाणवतो. ‘मेटा’ या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘पलीकडे’.

या विचाराचे एक बीज भारतात रुजले होते. जगदीशचंद्र बोस यांनी १८९८ साली पीळ दिलेल्या तागाच्या जुड्यांमधून सूक्ष्मतरंग पाठवून त्यांचे ध्रुवण-प्रतल फिरते, हे दाखवले. पीळ देण्याची दिशा बदलली की फिरण्याची दिशाही बदलत असे. हा परिणाम मानवाने घडवलेल्या रचनेचा होता. पुढे १९६७ साली सोव्हिएत शास्त्रज्ञ व्हिक्टर वेसेलागो यांनी पर्मिटिव्हिटी आणि पर्मिएबिलिटी या दोन्ही राशी ऋण असलेल्या पदार्थात तरंग कसे वागतील, याचा सैद्धांतिक विचार मांडला. असा पदार्थ निसर्गात आढळत नव्हता. ब्रिटनचे जॉन पेंड्री यांनी १९९६ मध्ये बारीक तारांच्या जाळीतून ऋण पर्मिटिव्हिटी आणि १९९९ मध्ये चिरलेल्या कड्यांतून ऋण पर्मिएबिलिटी कशी मिळवता येईल, ते दाखवले. २००० साली सॅन दिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात डेव्हिड स्मिथ आणि सहकाऱ्यांनी दोहोंचा मिलाफ असलेला पदार्थ प्रत्यक्षात सिद्ध केला.

येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा लागतो. दोन्ही राशी ऋण असतील तर त्यांचा गुणाकार धन होतो आणि तरंग त्या पदार्थातून आरपार जातो, मात्र त्याची कला उलट दिशेने सरकते. दोहोंपैकी एकच राशी ऋण असेल तर गुणाकार ऋण होतो. मग तरंग पुढे सरकू शकत नाही, प्रत्येक पावलाला त्याचे मान घातांकी वेगाने घटत जाते. अँटेनांमध्ये कुंपण घालायचे असेल तर हवी असते ती ही दुसरी अवस्था. वर्तमानपत्रांतून गाजलेला ‘ऋण अपवर्तनांक’ येथे कामाचा नाही.

प्रमुख रचना

पहिली रचना अळंबीची. अमेरिकेतील लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात डॅन सीव्हनपायपर आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली ती मांडली. तळपत्र्यावर धातूचे लहान चौकोन ओळीने बसवायचे आणि प्रत्येक चौकोन मधोमध एका खुंटीने तळाशी जोडायचा. शेजारी चौकोनांमधील फटीत धारकता निर्माण होते, खुंट्यांमधून फिरणाऱ्या प्रवाहामुळे प्रवर्तकता. दोन्ही मिळून रेडिओच्या ट्यूनिंग मंडलासारखे अनुस्पंदी मंडल बनते. त्याच्या अनुस्पंदन-वारंवारतेच्या आसपास पृष्ठाचा संरोध इतका वाढतो की पृष्ठतरंगांना तेथून वाट मिळत नाही. या निषिद्ध पट्ट्यामुळे रचनेला ‘ईबीजी’ हे नाव पडले. त्याच विद्यापीठातील फॅन यांग आणि याह्या रहमत-सामी यांनी २००३ साली दोन मायक्रोस्ट्रिप अँटेनांमध्ये अशा अळंब्यांच्या ओळी बसवून युग्मन सुमारे ८ डेसिबलने, म्हणजे सहापटींहून अधिक घटल्याचे प्रयोगाने दाखवले. या विषयावरील पुढच्या बहुतेक संशोधनात त्यांच्या निबंधाचा आधार घेतला जातो.

दुसरी रचना चिरलेल्या कड्यांची. कड्यातली चीर धारकासारखी आणि कडे स्वतः कुंडलासारखे वागते. अनुस्पंदनाच्या किंचित वरच्या वारंवारतांना कड्यातील प्रवाह बाहेरच्या चुंबकीय क्षेत्राला विरोध करतो आणि पर्मिएबिलिटी ऋण होते. बहरीनच्या शेजारी देशाचा, ओमानचा, येथे उल्लेख करायला हवा. पुढे मस्कतच्या सुलतान काबूस विद्यापीठात अध्यापन करणारे मोहम्मद बैत-सुवैलम यांनी कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात ओमर रमाही यांच्या गटासह २०१० साली उभ्या एकध्रुव अँटेनांमध्ये अशा कड्यांची भिंत उभारून युग्मन घटवले. उंच अँटेनांमधील युग्मन हवेतून होत असल्याने तेथे जमिनीवरच्या अळंब्या कुचकामी ठरतात. उभी भिंतच लागते.

तिसरा मार्ग तळपत्र्यावरच काम करण्याचा. पत्र्यातून कड्याचा आकार कोरून काढला की कड्याची पूरक आकृती तयार होते आणि ती ऋण पर्मिटिव्हिटीसारखे वर्तन देते. पत्र्यातील प्रवाहाची वाट अशा कोरीव चिरांनी अडते. बैत-सुवैलम आणि सहकाऱ्यांनी त्याच वर्षी हा प्रयोगही केला. तत्पूर्वी २००८ साली कलकत्ता विद्यापीठाचे देबतोष गुहा आणि सहकाऱ्यांनी दंडगोलाकार परावैद्युत अँटेनांमधील युग्मन कमी करण्यासाठी तळपत्र्यावर कोरीव रचना योजली होती. छपाईच्या नेहमीच्याच प्रक्रियेत चिरा कोरता येत असल्याने हा मार्ग स्वस्त आहे. मात्र त्या चिरांतून मागच्या बाजूला प्रारण गळते.

चौथा मार्ग वरून झाकण घालण्याचा. हाँगकाँगच्या चिनी विद्यापीठातील के-ली वू आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली अँटेनांच्या रांगेपासून काही अंतरावर धातूच्या लहान ठिपक्यांचा पातळ थर ठेवला. त्या थरावरून किंचित ऊर्जा परत येते. तिचे मान युग्मनाएवढे आणि कला नेमकी उलट राहील, अशी योजना केली की दोन्ही एकमेकांना छेद देतात. यासाठी अँटेनांच्या मध्ये जागा लागत नाही, म्हणून मॅसिव्ह मायमो पॅनेलसाठी हा विचार विशेष आकर्षक ठरला.

कुंपणाची किंमत

या सर्व रचना अनुस्पंदनावर चालतात आणि अनुस्पंदन म्हणजे मर्यादित वारंवारता-पट्टा. ३.३ ते ३.८ गिगाहर्ट्झ हा ५जीचा पट्टा मध्यबिंदूच्या सुमारे चौदा टक्के रुंद आहे. एखादी रचना त्यातील शंभर मेगाहर्ट्झवर देखणा परिणाम दाखवून उरलेल्या भागात निष्प्रभ ठरत असेल, तर पॅनेल बनवणाऱ्याला तिचा उपयोग नाही. दुसरी किंमत ऱ्हासाची: अनुस्पंदी धातूत प्रवाह वाढतो, तो तापतो, आणि शेजाऱ्याकडे जाणारी ऊर्जा अडण्याऐवजी उष्णतेत जिरते. मोजमापात युग्मन घटलेले दिसते, पण अँटेनाची कार्यक्षमता वाढत नाही. प्रसंगी कमीच होते.

तिसरी किंमत जागेची. अळंब्यांच्या तीन-चार ओळी बसवायला जागा हवी आणि अर्ध्या तरंगलांबीत ती क्वचितच मिळते. अनेक निबंधांत अँटेनांमधले अंतर आधी वाढवले जाते, मग कुंपण बसवले जाते. म्हणूनच फोननिर्मितीत साध्या उपायांचा वापर मोठा आहे: अँटेनांची ध्रुवणे काटकोनात ठेवणे, त्यांना फोनच्या निरनिराळ्या कोपऱ्यांत बसवणे, अथवा २००६ साली नीस विद्यापीठातील संशोधकांनी दाखवल्याप्रमाणे दोन अँटेना एका बारीक तारेने जोडून उलट कलेचा संकेत पाठवणे. मनोऱ्यांवरील पॅनेलमध्येही अधिक ४५ आणि उणे ४५ अंशांचे दुहेरी ध्रुवण सरसकट वापरतात. संगणकीय गणितानेही युग्मनाचा काही परिणाम दुरुस्त करता येतो. परंतु शेजाऱ्यात जिरून गेलेली शक्ती गणिताने परत मिळत नाही.

आखाताची हवा

प्रयोगशाळेतील तापमान स्थिर असते. बहरीनच्या गच्चीवर तसे नसते. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, आर्द्रता प्रचंड असते, समुद्राकडून खारी हवा येते आणि वाळवंटाकडून बारीक धूळ. अनुस्पंदी रचनेसाठी यातली प्रत्येक गोष्ट प्रतिकूल आहे. संपूर्ण क्षेत्र ज्या परावैद्युतात सामावलेले आहे, त्याचा परावैद्युतांक एक टक्क्याने बदलला तर अनुस्पंदन-वारंवारता अर्ध्या टक्क्याने सरकते. ३.५ गिगाहर्ट्झला हा फरक सुमारे १७ मेगाहर्ट्झ होतो. पट्टा रुंद असेल तर तो खपून जातो. अरुंद असेल तर कुंपण नेमके चुकीच्या जागी सरकते. उघड्या धातूवर खारी ओल बसली तर ऱ्हास वाढतो तो वेगळाच. म्हणून अशा रचना संरक्षक कवचाच्या आत बंदिस्त ठेवणे आणि कवच धरूनच त्यांचे मोजमाप करणे आवश्यक ठरते.

भूगोलाची आणखी एक अडचण आहे. आखाताच्या पाण्यावर उष्ण, कोरड्या व दमट हवेचे थर साचून रेडिओ तरंगांसाठी नळीसारखी वाट तयार होते आणि संकेत क्षितिजापलीकडे पोहोचतात. १९८६ साली खुल्या झालेल्या किंग फहद सेतूच्या पलीकडे, सुमारे २५ किलोमीटरवर सौदी अरेबिया आहे. अशा ठिकाणी शलाका ठरवलेल्या दिशेतच राहणे आणि तिची उपांगे दबलेली असणे महत्त्वाचे असते. हवेतील ही नळी युग्मनामुळे तयार होत नाही. परंतु युग्मनामुळे विस्कटलेली शलाका त्या नळीत नको तितकी ऊर्जा सोडू शकते.

बहरीनमध्ये १९६९ साली रास अबू जरजूर येथे उपग्रह भूकेंद्र सुरू झाले, तेव्हा उपग्रहाकडे रोखलेल्या एका मोठ्या थाळीवर देशाचा परदेशी संपर्क विसावला होता. आज सखीर येथील २००४ साली सुरू झालेल्या शर्यतपथावर फॉर्म्युला वनच्या दिवशी हजारो प्रेक्षक एकाच वेळी चित्रफिती पाठवू पाहतात. तेथे वर्णपट वाढवता येत नाही. त्याच पट्ट्यात अनेक शलाका एकमेकींत न मिसळता सोडाव्या लागतात.

दावा पारखताना

या विषयावर भारतातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत पदव्युत्तर प्रकल्प मोठ्या संख्येने होतात आणि आखातातील दूरसंचार क्षेत्रात काम करणाऱ्या मराठी अभियंत्यांसमोर विक्रेत्यांचे दावेही येतात. ‘युग्मन ३० डेसिबलने घटले’ असे वाचल्यावर पुढील प्रश्न विचारावेत.

तुलना कशाशी केली? कुंपण असलेली आणि नसलेली अशा दोन्ही रचनांत अँटेनांमधले अंतर तेच असायला हवे आणि कुंपण काढल्यावर अँटेना पुन्हा जुळवलेला असायला हवा.

आकडा एका वारंवारतेचा की संपूर्ण पट्ट्याचा? आलेखातील एका खोल दरीवरून निष्कर्ष काढू नये. पट्ट्यातील सर्वांत वाईट मूल्य पाहावे.

कार्यक्षमता किती? ती आधीपेक्षा घटली असेल तर ऊर्जा अडली नाही, जळाली.

सहसंबंध कसा काढला? ‘ईसीसी’ नावाचा गुणांक केवळ द्वारांवरील मोजमापांतून काढण्याचे २००३ साली सुचवलेले सूत्र सोपे असल्याने सर्रास वापरले जाते. ते ऱ्हासरहित अँटेनांसाठी आहे. मेटामटेरियलमध्ये ऱ्हास असतोच, म्हणून प्रतिध्वनिहीन कक्षात सर्व दिशांचे प्रारण मोजून काढलेला आकडाच ग्राह्य मानावा.

शलाका वळवून पाहिली का? दोन अँटेनांवर यशस्वी ठरलेले कुंपण साठ अंशांपर्यंत वळणाऱ्या मोठ्या रांगेत तसेच वागेल, याची हमी नसते.

पुढचा पट्टा

नोव्हेंबर-डिसेंबर २०२३ मध्ये दुबईत भरलेल्या जागतिक रेडिओ परिषदेने बहरीन ज्या विभागात मोडतो, त्या पहिल्या विभागासाठी ६.४२५ ते ७.१२५ गिगाहर्ट्झ हा पट्टा मोबाइल सेवेसाठी निश्चित केला. तेथे अर्धी तरंगलांबी सुमारे २.२ सेंटिमीटर असते. आजच्याच आकाराच्या पॅनेलमध्ये जवळपास चौपट अँटेना मावतील. तरंगलांबीच्या हिशेबात त्यांचे परस्परांपासूनचे अंतर आजच्याइतकेच राहील, म्हणून युग्मनाचे मूळ गणित बदलणार नाही. मात्र छपाईतील एक दशांश मिलिमीटरची चूक आज जेवढी महाग पडते, त्याच्या जवळपास दुप्पट महाग पडेल.

हीच समस्या खगोलशास्त्रातही भेटते. नारायणगावजवळ खोडद येथील जीएमआरटी दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या दूरवर विखुरलेल्या आहेत. ज्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात पुण्याची राष्ट्रीय रेडिओ खभौतिकी संस्था सहभागी आहे, त्या एसकेएच्या पश्चिम ऑस्ट्रेलियातील दुर्बिणीची धाटणी वेगळी आहे: तेथे १,३१,०७२ अँटेना, २५६ च्या गटांत, दाटीवाटीने उभे राहत आहेत. तेथे कुंपण घातलेले नाही. अँटेनांची मांडणी विस्कळीत ठेवायची आणि उरलेले युग्मन अचूक मोजून गणितात धरायचे, असा मार्ग निवडला आहे. मनोऱ्यावरील पॅनेलला ती सवलत नसते. त्याला प्रेषणही करायचे असते, विजेचे बिल भरायचे असते आणि पेटीचा आकार वाढवायचा नसतो. त्यामुळे रुंद पट्ट्याचे, कमी ऱ्हासाचे आणि खाऱ्या दमट हवेत टिकणारे कुंपण हे या क्षेत्रातील संशोधकांपुढचे उघडे काम आहे.